तिसरा भाग सगळ्यांत सरस

१२ जून

बॉबिन,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून शाई घालवत नाही.

वसतिगृहात पोचलीस, खोली मिळाली, एवढं फोनवर कळलं. पुढचं काही ऐकू आलं नाही. माझ्या कानांसाठी फोनचा आवाज मोठा केला की बोलतेस तू माझ्याशी आणि ऐकते सगळी गल्ली. परवा दुकानात एक बाई पँटची उंची कमी करून घ्यायला आली होती. पँट राहिली बाजूला, मला विचारते, "नातीच्या डोक्यातल्या उवा गेल्या का हो?" म्हणून म्हटलं, आपण पत्रंच लिहू. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चुका काढत बसू नकोस, अर्थ घे.

आता मुद्द्याचं. जाताना तू आत्याची दोन्ही पुस्तकं माझ्या उशाशी ठेवलीस आणि म्हणालीस, "पोटची पोरगी लेखिका आणि आईनं एक ओळ वाचलेली नाही, लाज वाटायला पाहिजे." वाटली. म्हणून वाचली.

पहिला भाग मापात आहे. ती ठिणगी नावाची पोरगी, तिची सायकल पंक्चर होते, दुकानातला पोरगा चाक काढतो आणि परत बसवताना मुद्दाम वेळ लावतो. अर्धं पुस्तक तो बोलतच नाही, नुसता पाना शोधतो. मला सगळं कळलं. तरुणपणी माझ्याकडं एकजण शर्टाची बटणं लावून घ्यायला यायचा, घरून तोडून आणायचा. पुढचं विचारू नकोस.

दुसरा भाग म्हणजे त्याच झग्याची शिवण उसवून वाढवलेला. कापड तेवढंच, जुन्या टिपांच्या खुणा दिसतात. पंक्चरवाला कुठल्याशा मुलीला सायकलवरून नेताना दिसतो आणि ठिणगी पुस्तकभर रडते. अगं, "कोण रे ती?" एवढं विचारायचं! तो म्हणाला असता, "मावसबहीण." चहा उकळायच्या आत पुस्तक संपलं असतं. मी आत्याला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आई, वाचकांना ओढ लागायला हवी." मला झोप लागली.

तिसरा भाग अडलाय. प्रकाशकाचा फोन आला की ती मला उचलायला लावते. मी सांगते, ती घरी नाही. आणि ती समोर बसून मान डोलावते.

जेवत जा.

आजी

२४ जून

आजी,

तुझं पत्र मी खारीला वाचून दाखवलं आणि ती पलंगावरून पडायची राहिली. खार म्हणजे माझी खोलीतली जोडीदारीण. उशीखाली, बुटांत, कुठेही खाऊ लपवून ठेवते म्हणून खार. ती आत्याच्या पुस्तकांसाठी वेडी आहे. मी लेखिकेची भाची आहे हे कळल्यावर तिनं मला आपला खिडकीजवळचा पलंग दिला! पण दुसऱ्या भागावरून तिचं तुझ्याशी भांडण आहे. ती म्हणते, प्रेमात माणसाला प्रश्न विचारताच येत नाही, तीच तर गंमत आहे. म्हणाली, "आजींना सांग, मावसबहीण असेल हे मलाही माहीत होतं, तरी मी रडले."

इथे आम्हाला कवळ्या करायला शिकवतात. आधी मेणात दात रोवायचे, मग साचा करायचा, मग घासायचं. माझ्या पहिल्या कवळीकडे बघून बाई म्हणाल्या, "हे हसतंय की चावतंय?" दिवसभर प्लास्टरमध्ये हात असतात. केस विंचरले तरी पांढरी धूळ पडते, तुझ्यापेक्षा मी म्हातारी दिसते.

आणखी एक आहे. तुलाच सांगतेय, खार सोडली तर कुणालाही नाही. आमच्या कार्यशाळेला मोठी खिडकी आहे, बाहेर व्हरांडा. वरच्या वर्गातला एकजण, उंच आहे, आम्ही त्याला लांब्या म्हणतो, रोज दुपारी त्या खिडकीपाशी थांबतो आणि माझ्याकडे बघून हसतो. नुसता हसतो. बराच वेळ. माझं टेबल बरोबर समोर आहे. पहिल्यांदा मी मान खाली घातली. आता मीही हसते. परवा मेणातला दात उलटा रोवला.

आत्याला सांगू नकोस हं. ती लगेच "मग? पुढे?" करत बसेल.

तुझी बॉबिन

३ जुलै

बॉबिन,

खारीला म्हणावं, ज्याला प्रश्न विचारता येत नाही त्याच्या पायातला बूटसुद्धा मापाचा नसतो. पण पोरगी बरी दिसते. पलंग दिला म्हणजे मनानं मोठी आहे.

तो लांब्या. रोज हसतो आणि बोलत नाही? मुका आहे का? नुसतं हसायला काय जातं, दुकानाच्या काचेतला पुतळापण हसतो. जाऊन विचार. तू ठिणगी नाहीस, तुझ्यावर दुसरा भाग काढायचा नाहीये.

आत्यानं काल तिसऱ्या भागाचं सुरुवातीचं वाचून दाखवलं. ठिणगी आता कामाला लागली आहे आणि नव्या शहरात एका गायकावर भाळते. मोठ्या समारंभात गायक तिच्याकडं बघून गातो आणि सगळे टाळ्या वाजवतात. मी म्हटलं, "खोटं आहे. असं कुणाच्या बाबतीत होत नाही." ती म्हणाली, "मग खरं काय असतं ते तू सांग." मी सुई उचलली. काज करायचे होते.

आजी

२० जुलै

आजी,

मी विचारलं. तू म्हणालीस म्हणून नाही, मलाच राहवलं नाही.

खारीचा पिवळा शर्ट घातला. काखेत उसवलेला होता, पिन लावली. मधल्या सुट्टीत मी कार्यशाळेतून निघून वळसा घालून व्हरांड्यात गेले. त्या बाजूनं मी आधी कधी गेलेच नव्हते. तो उभा होता, पायऱ्यांवर त्याचे मित्र बसलेले. मी म्हटलं, "रोज हसता, आज बोला तरी." तो म्हणाला, "मी? कुणाकडे?" मी म्हटलं, "माझ्याकडे. या खिडकीतून." आणि खिडकीकडे बोट केलं.

आजी, बाहेरून ती खिडकी आरसा आहे. उन्हासाठी काळा कागद लावलाय. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं काही दिसत नाही. मला त्यात मीच दिसले. बोट वर केलेली, तोंड उघडं, काखेतली पिन चमकतेय.

तो वाईट नाही बोलला. वाईट बोलला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मी दात बघतो रोज. तारा काढल्यात ना नुकत्या."

आणि मी काय केलं माहीत आहे? मी म्हटलं, "हो, मी काच पुसायला आलेय." आणि बाहीनं काच पुसायला लागले. बाहीला प्लास्टर लागलेलं. काचेवर पांढरा पट्टा उठला. तो पुसायला गेले तर आणखी पसरला. मी पुसत राहिले. मागे कुणीतरी हसलं. तो म्हणाला, "राहू द्या." तरी मी पुसतच होते. थांबले असते तर वळून त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

खारीला सांगितलं आणि आता तुला. आत्याला तर मुळीच सांगू नकोस. माझी शपथ.

बॉबिन

२५ जुलै

बॉबिन,

वाचलं. पहिल्यांदा हसले, खोटं कशाला बोलू. मग पत्र परत वाचलं आणि हसू आलं नाही.

उद्यापासून मान वर करून त्याच व्हरांड्यातून जायचं. लाज ही नव्या टाचणीसारखी असते, अंग चोरलंस तर जास्त टोचते. काच पुसलीस ते मला आवडलं बघ. रडत पळाली असतीस तर नुसती गोष्ट झाली असती. तू हाताला काम दिलंस. आपल्या घरातली आहेस.

शपथ घालायची गरज नाही. माझं पोट म्हणजे दुकानातली चिंध्यांची पेटी, आत गेलेलं परत बाहेर येत नाही.

पिवळा शर्ट पाठव, काखेत नीट टीप मारून देते. पिन लावून कुणी प्रेमाचं विचारायला जातं का?

आजी

९ सप्टेंबर

बॉबिन,

शर्ट मिळाला असेल. काखेत आतून पट्टी लावली आहे, आता कितीही हात वर करा म्हणावं खारीला.

इकडं आत्याचं गाडं सुटलं. गायक गेला, समारंभ गेला. आता दिवसभर लिहिते, ताटावर हाक मारली तर "हो" म्हणते आणि येत नाही. प्रकाशकाचे फोन स्वतः उचलते. कशानं सुटलं म्हणशील तर मी काय सांगू. लेखकाचं डोकं, कधी चालेल नेम नाही.

दुकानात एकजण बापाचा जुना कोट घेऊन आला. बाहेरून पार विटलेला. मी तो सगळा उसवला, कापडाची आतली बाजू बाहेर घेतली, बटणांची बाजू बदलली, खिसा बुजवला. न्यायला आला तर म्हणतो, "हा माझा नाही." बापाच्या अंगावर जन्मभर पाहिलेला कोट! मला वाटतं, सगळ्याच गोष्टींचं तसं असावं. नीट उलटवून शिवलं की मालकालासुद्धा ओळखू येत नाही.

तू कशी आहेस? लांब्याचं पुढं काय ते लिहिलं नाहीस.

आजी

१८ ऑक्टोबर

आजी,

लांब्याचं पुढे काही नाही, आणि ते किती छान आहे! पहिले काही दिवस त्याचे मित्र मला बघून दात दाखवायचे. मग कुणाची तरी कवळी साच्यातच मोडली, सगळे तिकडे वळले. परवा तो जिन्यात भेटला आणि नुसतं "काय म्हणता" म्हणाला. माझे कानसुद्धा तापले नाहीत. मी तुझं ऐकलं, रोज त्याच व्हरांड्यातून जाते. तू नसतीस तर मी बॅग भरून घरी आले असते.

माझ्या नव्या कवळीला बाई म्हणाल्या, "ही हसतेय." बस्स, अजून काही नको.

खारीनं आत्याला पत्र लिहिलं होतं, तिसरा भाग कधी म्हणून. आत्यानं सही करून उत्तर पाठवलं. खारीनं ते भिंतीवर चिकटवलंय. आता ती दिवस मोजतेय.

तुझी बॉबिन

१४ डिसेंबर

बॉबिन,

तिसरा भाग आला. आत्यानं पहिली प्रत मला दिली, आत लिहिलंय, "आईला, जिनं खरं काय ते सांगितलं." असली कौतुकं मला सोसत नाहीत.

मी वाचला. तू विचारशीलच, म्हणून सांगते. पहिल्यात नुसती हौस होती. दुसऱ्यात रडं. तिसऱ्यात पोरगी पहिल्यांदा माणूस झाली आहे. सगळे म्हणतात, तिसरा भाग सगळ्यांत सरस. भाजीवालीची पोरगी वाचून गेली, तीही तेच म्हणाली. तेव्हा सरस असणार.

छापलेलं वाचताना वेगळं वाटतं. हाताखाली असताना ते कापड असतं, अंगावर चढलं की चारचौघांत जातं.

तू परीक्षा झाल्यावर वाच. घाई नाही. पुस्तक कुठं पळून जात नाही.

थंडी आहे, कान झाकत जा.

आजी

११ जानेवारी

आजी,

परीक्षेपर्यंत थांबता आलं नाही. मी वाचायच्या आधी सगळ्या वसतिगृहानं वाचला.

मी उपाहारगृहात गेले तर एक मुलगी मोठ्यानं वाचत होती आणि बाकीच्या टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. ठिणगी दुकानाच्या काचेपाशी उभी आहे. आत बसलेल्या तिला रोज वाटायचं, बाहेरचा मुलगा आपल्याकडे बघून हसतो, आणि तो काचेत स्वतःला बघत असतो. इथपर्यंत मी म्हटलं, असेल, कुणालाही सुचेल. मग ठिणगी म्हणते, "मी काच पुसायला आलेय," आणि बाहीनं पुसते. बाहीला पीठ लागलेलं असतं, पांढरा पट्टा पसरतो, ती पुसत राहते, कारण थांबली तर वळून बघावं लागेल. काखेत पिनसुद्धा आहे आजी. पिनसुद्धा.

लांब्याचे मित्र तिथेच होते. त्यांनी मला पाहिलं होतं त्या दिवशी. एकानं उठून माझ्यासमोर हातरुमालानं टेबल पुसलं. आता मी कुठूनही गेले की कुणीतरी काहीतरी पुसतं. मला "काचपुशी" म्हणतात. परवा बाईंनी फळा पुसायला सांगितला आणि सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा. त्यांनीही वाचलाय.

त्या दिवशी पाहिलेल्यांना माझी फजिती दिसली होती. मनात काय होतं ते कुणाला माहीत नव्हतं. आता सगळ्यांना माहीत आहे, वळून बघावं लागेल म्हणून मी पुसत होते.

हे खारीनं केलं. तिनंच आत्याला पत्र लिहिलं होतं. ती रडली, शपथा घेतल्या, म्हणाली मी फक्त तिसरा भाग कधी एवढंच विचारलं. मी तिची गादी गुंडाळून बाहेर ठेवली. ती जिन्याजवळच्या खोलीत गेली. सगळ्या तिला चहाडखोर म्हणतात, तिच्या टेबलावर कुणी बसत नाही. बरं झालं.

आत्याला सांग, मी तिच्याशी बोलणार नाही.

आता तू एकटीच राहिलीस.

बॉबिन

२ फेब्रुवारी

बॉबिन,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. लिहिते आणि फाडते. आता फाडणार नाही, कसंही होवो.

खारीनं काही केलेलं नाही. आत्याला तुझं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं.

कसं झालं ते ऐक. सांगून माझी सुटका होते म्हणून सांगत नाही. तुला न कळता राहिलं तर तू चुकीच्या माणसावर राग धरशील.

ऑगस्टमध्ये आत्या रोज काहीतरी लिहून मला ऐकवायची आणि मी रोज म्हणायची, खोटं आहे. एक दिवस ती भडकली. "आई, तुला काय कळतं? चौथीत शाळा सोडलीस, खोटं खोटं काय लावलंयस?" मला ते लागलं. मी शर्टाची कॉलर उलटवत होते. कॉलर खाली ठेवली आणि म्हटलं, "खरं काय असतं, ऐक." आणि सांगितलं. एका गिऱ्हाइकाच्या पोरीची गोष्ट म्हणून सांगितली.

बॉबिन, ती ऐकत राहिली. मला जन्मात कुणी इतकं कान देऊन ऐकलेलं नाही. तुझा आजोबा मी बोलायला लागले की पंखा सुरू करायचा. आणि ही, पुस्तकं लिहिणारी, माझ्या तोंडाकडं बघत बसलेली. मला चढली. शपथ आठवत नव्हती असं नाही. आठवत होती. मी मनात म्हटलं, उलटवून शिवलं की कोण ओळखतंय. जन्मभर तेच करत आले, हात बसलाय.

आता याच्या पुढचं वाईट आहे. आत्यानं ते बदललं होतं. तिच्या लिहिण्यात ठिणगी तोंड झाकून रडत पळून जाते. पिन नव्हती, पुसणं नव्हतं. तुला ओळखू आलं नसतं, त्या पोरांनाही नाही. मी म्हटलं, "पळून कुठली जाते? तिनं काच पुसली." आत्या म्हणाली, "पण का पुसली असेल?" मी म्हटलं, "थांबली असती तर वळून बघावं लागलं असतं." तुझं वाक्य. तू मला लिहिलेलं, माझं असल्यासारखं तिच्या हातात ठेवलं. ती उठून नाचली. दुसऱ्या दिवशी परत विचारायला आली, तेव्हा पिन दिली.

उलटवलेलं कापड मीच तिच्या हातातून ओढून सरळ केलं. तिसरा भाग सरस झाला तो माझ्यामुळं, असं मी डिसेंबरात मनात म्हणत होते. तुला ते पत्र लिहिताना भीती वाटत होती आणि आतून ऐटही होती. दोन्ही होतं.

आत्याला आता सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "मी तिला पत्र लिहिते." मी म्हटलं, "तू लिहू नकोस. तू लिहिलंस की ते चांगलं लिहिलेलं असेल." ती तुझ्यापाशी येऊ म्हणते, मी थांबवलंय. तू म्हणशील तसं.

छापलेलं परत घेता येत नाही. प्रकाशकाला विचारायला लावलं. तो म्हणाला, तेच तर वाचकांना आवडलंय.

मी माफी मागत नाही. मागितली की तुला द्यायची की नाही याचा विचार करावा लागेल, आणखी एक काम तुझ्या डोक्यावर. एवढंच कर. हे पत्र खारीला वाचायला दे. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. आणि जी तिला चहाडखोर म्हणते, तिला पण. माझं झाकून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. म्हातारी बोलली, म्हणून सांग. माझं नाव तुमच्या व्हरांड्यात जितकं निघायचं तितकं निघू दे.

आजी

२७ फेब्रुवारी

आजीस,

पत्र मिळालं. खारीला दिलं. तिनं वाचलं, मग मोठ्यानं वाचू का विचारलं, मी हो म्हटलं. तिनं उपाहारगृहात वाचलं. त्यानंतर तिला कुणी काही म्हणत नाही. ती खोलीत परत आली. लगेच नाही, मी तिची गादी स्वतः उचलून आणली तेव्हा.

आत्यानं एवढ्यात येऊ नये. परीक्षा आहे.

इकडे सगळं ठीक आहे. तब्येत चांगली आहे. जेवण वेळेवर होतं. अभ्यास चालू आहे. थंडी कमी झाली. तूही तब्येतीला जप.

बॉबिन

८ मार्च

बॉबिन,

तुझं पत्र आलं.

मी वाचलं आणि टेबलावर ठेवलं. आत्या आली, तिनं दबकत विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, वाच. तिनं वाचलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, "छान आहे की! सगळं ठीक आहे, जेवतेय, अभ्यास करतेय." खालून गिऱ्हाईक बाई वर आली, तिनं विचारलं नात कशी आहे, तर आत्यानं तिलापण वाचून दाखवलं.

त्या दोघींना नाही कळलं. मला कळलं. कुणालाही मोठ्यानं वाचून दाखवता येईल असं पत्र तू मला पहिल्यांदा लिहिलंस.

बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर तेवढंही लिहिलं नसतं. मी पुढं काही विचारणार नाही. लांब्याचं नाही, कवळीचं नाही, कुणी अजून पुसून दाखवतं का तेही नाही. तुला वाटेल ते लिही, हवापाणी लिही, मी उत्तर देईन.

आत्या चौथा भाग लिहायला बसली आहे. आधी नको म्हणाली, प्रकाशकानं पिच्छा सोडला नाही. काल संध्याकाळी येऊन वाचून दाखवलं. ठिणगी आता एका डॉक्टरवर भाळते. डॉक्टर देखणा आहे, गाडी आहे, पुस्तकभर कुणालाही कशाचीच लाज वाटत नाही. वाचून झाल्यावर माझ्या तोंडाकडं बघत राहिली, तशीच, ऑगस्टात बघत होती तशी. "आई, कसं आहे?"

मी म्हटलं, "चांगलं आहे."

"खरं सांग."

"चांगलं आहे म्हटलं ना."

"तू खोटं बोलतेस."

"हो," म्हटलं, आणि मशीन चालवलं.

ती बराच वेळ उभी होती. मी मान वर केली नाही. सांगण्यासारखं माझ्याजवळ खूप आहे, बॉबिन. तुझं आहे, तुझ्या बापाचं आहे, आत्याचं स्वतःचं आहे, दुकानात येऊन बायका जे बोलून जातात ते आहे. तोंडाशी आलं होतं. सुईत दोरा ओवला.

चौथा भाग पातळ होणार. दुसऱ्यापेक्षाही पातळ. खार चिडेल, म्हणेल लेखिकेला झालंय तरी काय. वाचलात तर पाणी पाणी लागेल. लागू दे. त्यात कुणाचं काही नाही.

आजी